रुंद पट्टी

डोंगरीत, इमामवाड्याच्या अलीकडे,
अत्तरवाला आणि कुलपं दुरुस्त करणारा यांच्या मधे
हाशमभाईंचं दुकान. रुंदी साडेचार फूट.
डोळ्यांनीच मोजली. सवय आहे.

"बोटाचं माप?" त्यांनी विचारलं,
कड्यांचा जुडगा पुढे सरकवत.
म्हटलं, वीस पूर्णांक चार मिलिमीटर, सांध्यावर.
ते हसले. कडं चढवून पाहिलं.
चोवीस नंबर. चपखल.
"सोनार आहात?"
टर्नर. माझगाव गोदी, एकतीस वर्षं.
गेल्या शुक्रवारी हार घालून सोडलं.

लेथवर अंगठी चालत नाही.
तशी पाटीच होती, लाल अक्षरांत,
पण पाटीपेक्षा बाबली तोडणकर पुरेसा होता.
लग्नाला अकरा दिवस, बोटात सासऱ्याने घातलेली,
चकने ती धरली, आणि
पुढे बाबली स्टोअरला बसला.
पावत्या फाडायचा, तक्रार नाही.
फक्त कुणी लग्नाची पत्रिका दिली
की डावा हात पुढे करायचा.

माझी साखरपुड्याची मी त्याच संध्याकाळी काढली.
शालनने सुयांच्या डबीत टाकली,
नंतर कधीतरी मुलीच्या कानातल्यांत आटली.

"रास?"
रास नको. रंग बघायचाय.
हाशमभाईंनी मखमल उलगडली:
अकीक, भाजलेल्या विटेचा.
फिरोजा, आत काळ्या शिरा, जुन्या बशीला गेलेल्या तड्यांसारख्या.
नीलम.
"हा आधी तीन रात्री उशाखाली ठेवा.
मानवला तर ठीक, नाहीतर परत आणा."
म्हटलं, रात्रपाळीच्या माणसाला उशी कुठली.

मला हवा तो निळा सांगता येईना.
पोलादावर काप जरा जोरात घेतला
की कीस सुटतो,
आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग जांभळा,
आणि वळता वळता, पडायच्या आत,
एक निळा येतो.
हात लावायचा नसतो त्याला.
पाळी संपली की झाडून पिंपात भरायचा,
भंगारवाला टनाच्या भावाने न्यायचा.
एकतीस वर्षं मी तो झाडला, हाशमभाई.

ते काही बोलले नाहीत.
खालच्या खणातून एक काडेपेटी काढली, रबर लावलेली.
आत चांदीची रुंद अंगठी,
खडा ओल्या लादीसारखा राखाडी.
"तिरपा करा."

केला.

दुकानात पंखा चालू होता,
अत्तरवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता.
पुन्हा सरळ केला. राखाडी.
पुन्हा तिरपा.

"याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे.
पण याला ग्रह नाही," हाशमभाई जरा ओशाळून म्हणाले,
"हा काहीच करत नाही. ना बरं, ना वाईट.
म्हणून कुणी घेत नाही."

हाच द्या.

मग मी आतून नख फिरवलं.
एका जागी कानशीची खूण राहिलेली,
डाखाची रेघ केसभर वर.
म्हटलं, हे घरी मी मारून घेईन.
पट्टी बारा मिलिमीटर. "रुंद आहे,
एक नंबर सैल घ्या, मे महिन्यात बोट फुगतं."
म्हणजे क्लिअरन्स ठेवा.
"तुमच्यात काय म्हणतात ते ठेवा."

पंचवीस नंबर घालून निघालो.
मूठ पूर्ण मिटत नव्हती. पुढची दोन बोटं
जरा लांब लांब चालत होती, पाहुण्यांसारखी.

नळबाजाराच्या कोपऱ्यावर रसाचं गुऱ्हाळ.
अर्धा ग्लास, बर्फ कमी, सांगितलं
आणि चरक फिरताना बघत उभा राहिलो,
चांगला पाच फूट लांब.
पोऱ्याच्या मनगटात लाल धागा होता, लोंबता.
त्याला म्हटलं, बाळा, तो आत खोच.

अंगठी कधी काढली, कळलं नाही.
पैसे द्यायला खिशात हात घातला
तर सुट्या नाण्यांत लागली,
गार, रुंद,
राखाडीच असणार.