झावळीची कुटी

सहमच्या किनाऱ्यापासून चार किलोमीटर आत,
जिथं विहिरीचं पाणी आता चहातसुद्धा खारट लागतं,
तिथं मी एकशे बारा शेळ्या सांभाळतो, चाळीस मेंढ्या,
आणि एक यंत्र, ज्याला शफीकुल राक्षस म्हणतो.

हिरवं रान गेल्या साली मोडलं.
मग गवताचे गठ्ठे येऊ लागले
दुसऱ्याच्या ट्रकातून, दुसऱ्याच्या भावानं.
हमूद प्रत्येक गठ्ठा मोजताना एकदा खाकरायचा.
एका सकाळी बागेच्या कडेला
छाटलेल्या झावळ्यांच्या ढिगाशी थांबला,
दर हिवाळ्यात आम्ही पेटवायचो तो ढीग,
आणि वळून मला म्हणाला, ही खातील?

मला काय माहीत.
मी ज्वारीच्या मुलखातला.
कडब्याची पेंडी झोपेतही सोडीन.
तुरीची गुळी, हरभऱ्याचं भुसकट,
शेंगा तोडल्यावरचा भुईमुगाचा पाला, बाजरीचं सरमड:
माणसानं आपला घास उचलल्यावर
रानात जे मागं राहतं, त्याला आमच्याकडं नाव आहे.
झावळीचा मात्र झाडूच होतो.

पहिल्या दिवशी शेळ्यांनी हुंगलं
आणि माझ्याकडं पाहिलं,
पंगतीत शेवटी बसलेल्या व्याह्यानं
गार भाताकडं पाहावं तसं.

तानूअक्काला फोनवर बोलून निरोप धाडला.
कांदा काढलेल्या कुणाच्या तरी रानात
तिनं मेंढरं बसवली होती.
उत्तर दोन दिवसांनी आलं, वाऱ्यासकट:
"बुडखं-काटं काढलंस का? त्वांड फाटंल त्यांचं.
बारीक कर. भिजीव.
आन् पोट भरल्याली असताना म्होरं ठिवू नगंस."

काटे आम्ही कोयत्यानं सवाळले, हातमोजे दोन दिवसांत फाटले.
राक्षसानं दिवसभर खाल्लं आणि बोटाच्या पेराएवढं ओकलं.
जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं तसं
युरियाचं पाणी मोजून शिंपडलं,
शंभर किलोला चार किलो, जास्त नाही,
जास्त झालं तर विष.
तुडवलं, प्लॅस्टिक घातलं, कडेनं वाळू लोटली.
एकवीस दिवस.
कोंबडी अंड्यावर बसते तेवढेच,
हे शफीकुलला हातवारे करून सांगताना
मी कोंबडी झालो, तो पोट धरून हसला.

बाविसाव्या सकाळी प्लॅस्टिक उचललं
तर डोळ्यांतून पाणी.
चहाच्या चोथ्यासारखा रंग. मऊ.
दिवसभर वाऱ्यावर पसरून ठेवलं, वास निघून जाईपर्यंत.

तेव्हा काठी टेकत हमूदची आई आली, उम्म खल्फान.
तिच्या बादलीत तीन रात्री भिजवून ठेचलेल्या आठळ्या,
पदराच्या गाठीत मूठभर सुकी तार्ली,
आणि काळपट, सुरकुतलेला खजूर.
"हशफ," ती म्हणाली,
आणि तो खजूर आधी माझ्या, मग शेळीच्या तोंडाशी नेऊन दाखवला:
याच्यासाठी नाही. हिच्यासाठी.
मग आठळीचं नाव. मग माशाचं.
मी मागोमाग म्हणत गेलो, ती चूक काढत गेली.
यांच्याकडंही नावं आहेत म्हणायची.

सगळं कालवून गव्हाणीत ओतलं.
शेळ्या उपाशी होत्या, तरी कुणी हलेना.
मग शम्मा आली, एका पायानं लंगडी, सगळ्यांत म्हातारी.
मासा वेचून खाल्ला. आठळी खाल्ली.
झावळी बाजूला सारली.
उम्म खल्फाननं तिच्या पाठीवर काठी ठेवली, मारली नाही,
नुसती ठेवली.
शम्मानं एक काडी उचलली.
खालचा जबडा डावीकडून उजवीकडं गेला.

बाकीच्यांचं मी पाहिलं नाही.
गव्हाणीत एकशे बारा तोंडांचा आवाज
पाठीमागून ऐकत उभा होतो.

दुसऱ्या पहाटे, उजाडायच्या आत,
गोठ्यात उकिडवा बसून एक लेंडी उचलली, बोटांत फोडली.
मोबाइलच्या उजेडात बघितली.
एक धागा निघाला.
एकच.
अजून बारीक करायला हवं,
असं म्हणत उठलो,
तर दारात हमूद उभा होता
आणि त्याच्याही बोटांत एक लेंडी होती.