खार

लिटमसची डबी संपत आली होती.
निळ्या पट्ट्या चार, लाल तीन.
मागणीपत्र जूनपासून तालुक्याला पडून.
म्हणून आदल्या रात्री वहीचे कोरे कागद
हळदीच्या पाण्यात बुडवून दोरीवर टाकले,
आणि सकाळी बोरीकाठच्या शाळेत शिरलो
तर बोटं बघून शिपाई उखर्डूबापू म्हणाले,
"सर, लगीन जमनं का?"

सातवी ब. चहाचे तीन ग्लास.
पाणी बॅटरीत ओततात ते,
मुश्ताकच्या गॅरेजातून उसनं आणलेलं.

पहिल्यात मीठ, दोन चमचे.
हळद हलली नाही.
लाल पट्टी लाल, निळी निळी.
सगळा वर्ग आधी पट्टीकडे, मग माझ्याकडे,
पैसे परत मागावेत तसा.
वैजंता उठली:
"पन पानी ते खारं व्हयनं ना, सर?
मंग कागदले काब समजनं नही?"

खारं.
खडू उचलला आणि तसाच थांबलो.
मिठाचं पाणी खारं, दाणे खारे,
शेतातली विहीर खारी,
पापडात पडतो तोही खारच.
मागच्या बाकावरून कुणी खारुताईसुद्धा सरकवली पुढे.
एका शब्दाच्या गोणीत
किती काय कोंबून ठेवलंय आपण.

दुसऱ्यात पापडखार, वैजंताच्याच आईचा.
उडदाच्या पापडांच्या ऑर्डरी घेते ती.
पुडी देताना बजावलं होतं, उरला तर परत आण.
हळद भडकली, लालबुंद.
अख्खा वर्ग बाकांवर उभा.

तिसऱ्यात कल्हईवाल्याचा नवसागर.
निळी पट्टी थोडी ढळली,
जांभळी म्हणावी इतपत.

मग सांगत गेलो, सुचेल तसं:
पापडखार पाण्याकडून काहीतरी काढून घेतो,
नवसागर आपल्याजवळचं पाण्यात टाकून जातो,
मीठ घेत नाही, देत नाही,
नुसतं विरघळतं.

मधल्या सुट्टीत तिने बोअरचं पाणी आणलं,
ज्याला गाव वर्षानुवर्षं म्हणतं, मीठ लागलंय.
कागद बुडवला. काही नाही.
घंटा झाली, वर्ग भरला,
तेव्हा कुठे कडेला तांबूस रेघ दिसली.
मीठ होतंच पाण्यात,
पण एकटं नव्हतं;
काळ्या मातीतून दुसरंही कुणी उतरलं होतं
आणि नाव मात्र मिठाचं झालं होतं.

संध्याकाळी वह्या तपासल्या.
वैजंताची:
"ग्लास पहिला. मीठ. काही झाले नाही."
खाली, बारीक अक्षरात:
"पण चव बदलली."
चाखायचं नाही असं तीनदा सांगितलं होतं मी.
बरोबरची खूण केली.
गुण कुठल्या रकान्यात मांडायचे
ते कळेना.

घरी येऊन साबणाने हात धुतले
तर दहाही बोटं कुंकवात बुडाल्यासारखी.
नळ बंद करून
बघत राहिलो जरा वेळ.
उखर्डूबापूंना दाखवायला हवी होती.