साडेअठरा

तळाशीलच्या वाळूत बाबल कोचरेकर
काटकीनं हिशेब मांडायचे.
आधी जाळं आणि होडी, त्यांचा तिसरा हिस्सा बाजूला,
मग उरलेल्यात माणसं.
लाट पोचायच्या आत उत्तर यायला हवं,
नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

त्या दिवशी बांगड्याचे अकरा हजार शंभर आले.
तिसरा हिस्सा गेला, राहिले सात हजार चारशे.
दोरीला माणसं अठरा.
बाबलकाकांनी लिहिलं साडेअठरा
आणि काटकी माझ्या हातात दिली.
"काढ गो. एका वाट्याक किती?"

शाळेत पेडणेकर गुरुजींची एकमान पद्धत संपली होती,
आधी एकाचं काढा, मग हवं तितक्यांचं.
त्रैराशिक चालू होतं. तीन घरं भरलेली,
चौथ्यात क्ष,
दिसते पण धक्क्याला लागत नाही अशी होडी.
अंत्यपदांचा गुणाकार मध्यपदांच्या गुणाकाराएवढा:
हे फळ्यावर पाठ झालं, पटलं किनाऱ्यावर.
रापणीच्या दोन दोऱ्या, दोन्हीकडे नऊ-नऊ जण.
एका बाजूनं जास्त ओढलं की जाळं तिरपं होतं
आणि मासा त्या तिरपेपणातून निघून जातो.
बरोबरचं चिन्ह म्हणजे दोन आडव्या दोऱ्या,
ओल्या, तळवे सोलणाऱ्या.

काकांना क्ष माहीत नव्हता.
निमकी, पावकी, औटकी तोंडपाठ.
मी अर्ध्यापाशी अडकले, तसे म्हणाले,
"दोनय बाजू दुप्पट कर. अर्धो आपणच जातलो."
सदतीस.
चौदा हजार आठशे.
भाग सरळ गेला, चारशे.
मग अर्ध्याचे दोनशे मोजून
माझ्याच फ्रॉकच्या खिशात घातले.
"आवशीक दी."

तेच गणित वहीत उतरवून गुरुजींना दाखवलं.
साडेअठराभोवती लाल गोल.
शेरा: माणसे पूर्णांकात असतात.
खरंच होतं. बाबा पूर्णांकातच गेले होते,
न्हानू मेतर, वय चौतीस, होडीसकट.
काकांनी त्यातला अर्धा तेवढा
पाण्याबाहेर काढून ठेवला होता.
आता सातवीला मीच शिकवते.
क्षच्या जागी कुणी साडे आणला
तर लाल पेन लगेच उचलत नाही,
विचारते, अर्धा कुणाचा?
बहुतेक वेळा गुणाकारच चुकलेला असतो.

व्यस्त प्रमाण शिकले तेव्हा काकांना कोडं घातलं:
दहा माणसं चार तासांत रापण ओढतात, तर वीस?
"तूच सांग."
दोन तास. आणि चाळीस असली तर एक.
"आणि हजार इले तर?
मासो जाळ्यात जावच्या आदीच भायर येतलो?"
सगळा किनारा हसला, मीसुद्धा, पण रागानं.
प्रमाण कुठपर्यंत चालतं
ते त्या धड्यात दिलेलं नव्हतं.

मग सातवीची परीक्षा झाली.
मे महिना. पहाटे कुणालाही न विचारता
मिंगेल फर्नांडिसच्या मागे, दोरीच्या अगदी शेपटाला
जाऊन उभी राहिले.
कुणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.
मिंगेलनं फक्त हात थोडे पुढे सरकवले.
हिशेबाच्या वेळी काकांनी साडेअठरा लिहिलं,
त्याच्याकडे जरा बघितलं,
पायानं पुसलं.
एकोणीस.

रात्री कंदिलाजवळ वही काढली
आणि ते जुनेच सात हजार चारशे एकोणिसांनी भागले.
तीनशे एकोणनव्वद.
वर सत्तेचाळीस पैसे, वर आणखी काही.
म्हणजे दर माणशी साडेदहाच्या वर गेले होते, माझ्यामुळे.
मिंगेलचे. काकांचे. पलीकडच्या दोरीवरच्या नऊजणांचे,
ज्यांना मी धड दिसलेही नसेन.
आई म्हणाली, ताट वाढलंय.
म्हटलं, थांब, भागाकार संपत नाहीये.
हाताची सालटं निघाली होती, पेन्सिल चिकटत होती,
दशांशचिन्हापुढे
अंक येतच होते.