डावा समास

आमच्या संस्थेचं पत्र लिहायला बसलं
की डावीकडे चार बोटं जागा सोडावी लागते.
तिथे सल्लागारांची नावं असतात,
मुंगीएवढ्या अक्षरांत, एकाखाली एक,
मोठ्या इमारतीच्या दारावर डॉक्टरांच्या पाट्या असाव्यात तशी.

मी सोलांज. जिनिव्हातल्या या तिसऱ्या मजल्यावर
सव्वीस वर्षं.
मानधनाच्या रकान्यात शून्य मीच लिहिते
आणि शून्यापुढे 'फ्रँक',
नियम आहे म्हणून.

समासात पहिल्याच वर्षी द्वंद्व झालं.
नावं कुठल्या क्रमानं?
वर्णक्रमानं, म्हणाले कर्नल सियाब्रा.
कुठल्या लिपीतल्या? गुलनारानं विचारलं.
ती ओशहून येते, नद्यांचं पाणी मोजते.
शांततेसाठी जमलेली माणसं
दुपारचे चार वाजेपर्यंत भांडली,
कॉफी दोनदा गार झाली.
न्यायमूर्ती ओयेलारान तेवढ्या म्हणाल्या,
मला सगळ्यात खाली टाका,
कागद घडीवर फाटतो, तळाशी नाही.

कर्नल सुरुंगांचे जाणकार.
विशीत त्यांनीच पेरले होते, आफ्रिकेत, हुकमानं.
आता एव्होरातल्या घरी बसून
आठवून आठवून नकाशे काढतात:
'गोरखचिंचेपासून उत्तरेला अकरा पावलं.'
आणि खाली पेन्सिलीनं, थरथरत:
'तेव्हा माझी पावलं लांब पडायची.'
मी तो मजकूर टंकताना
पेन्सिलीतलं गाळत नाही.

मग त्या दोन गावांचं प्रकरण आलं.
डोंगरापलीकडे वरचं गाव, खालचं गाव,
मधून एकच पाट,
आणि पाटाच्या पाण्यापायी सात माणसं गेलेली.
गुलनारानं चाळीस पानं पाठवली.
कर्नलनी दोन.
न्यायमूर्तींची एक ओळ आली इबादानहून,
जमिनीच्या दाव्यांत त्यांची तीस वर्षं गेली होती:
'त्यांच्यामध्ये टेबल ठेवू नका. टेबलाला बाजू असतात.'

डिसेंबरात त्या वारल्या.
मी कारूजच्या छापखान्यात फोन केला.
मस्य पित्ते म्हणाले, शेवटचंच नाव ना,
मग सोपं आहे,
बाकी कुणाला हलावं लागणार नाही.
नवे कागद आले, समास एका ओळीनं आखूड.
जुने एकशे चाळीस उरले होते.
ते रद्दीत घालायचे, असाही नियम आहे.

गावांना सल्ला कळवायचा राहिला होता.
मी जुना कागद घेतला.
खोटं म्हणा हवं तर:
मेलेल्या बाईच्या नावाशेजारी
तिचीच ओळ टंकली,
तारीख मात्र आजची.

फेब्रुवारीत उत्तर आलं,
दोन हस्ताक्षरांत, एकाच पाकिटात.
माझ्या सव्वीस वर्षांत
दोन हस्ताक्षरं एका पाकिटात आलेली
मी तीनदा पाहिली असतील.
पत्र न्यायमूर्तींच्या नावानं होतं.
'बाई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे टेबल काढलं.
आता चहा कुठे ठेवायचा?'

मी ते सल्लागारांना पाठवलं.
गुलनारा म्हणाली, जमिनीवर, कापड अंथरून,
पण कापड कुणाच्या घरचं, ते आधी ठरवा.
यावर तीन दिवस पत्रापत्री चालली आहे.
कर्नलनी एवढंच विचारलंय,
चहा किती गरम असतो तिकडे?

हे मी गावांना अजून कळवलेलं नाही.
जुने कागद एकशे एकोणचाळीस आहेत.
खणाला किल्ली लावते
आणि किल्ली, का कोण जाणे,
घरी घेऊन जाते.