सत्तर सेंटिमीटर

निशिगोरींनी तो मखमलीवर ठेवला
आणि हात हळूच काढून घेतले, झोपलेल्या मांजरावरून घ्यावेत तसे.
टायटॅनियमचं अंग. कोपऱ्याला एक पोचा.
किंमत माझा दीड पगार.
"आज चालतोय," ते म्हणाले, "उद्याचं विचारू नका.
आतलं सर्किट गेलं की गेलं. सुटे भाग
बनवणाऱ्यांकडेही उरलेले नाहीत."
ट्राम चालवते मी, यंत्राचं म्हातारपण कानाला कळतं.
इतकं खरं बोलणाऱ्या माणसाशी घासाघीस कशी करायची?
केली. गळ्यातला पट्टा फुकट मिळाला.

हाकोदातेच्या उतारावर वारं थेट समुद्राचं,
एक बोट हातमोज्याबाहेर, बटणासाठी.
भिंग एकच, पस्तीसचं. काही जवळ ओढत नाही.
जे हवं, त्याच्याकडे आपण चालत जायचं.
मी गेले नाही, म्हणून पहिला रोल असा:
खेकडे विकणारी बाई तांदळाएवढी,
बंदर म्हणजे एक रेघ,
सव्विसाव्या फोटोत माझंच बोट, गुलाबी, भलंमोठं.
धुलाईचे पैसे मात्र पुरे छत्तीसचे.

दुसरा रोल भरला आणि रविवारी बाबांकडे.
एकतीस वर्षं माकुलाच्या बोटीवर,
रात्रभर त्या पांढऱ्या दिव्यांखाली; आता
घरातला दिवासुद्धा ते उशिरा लावतात.
मी नेहमी दारातूनच बोलते त्यांच्याशी:
औषध घेतलं का, तेल आहे का, निघते.

दारातून बाबा तांदळाएवढे.

दोन पावलं. मग आणखी दोन.
चौकटीच्या कडेला हिरवा ठिपका स्थिर झाला.
भुवईवरचा गळाचा जुना व्रण दिसला,
तो डावीकडे होता हे मी विसरले होते.
अजून एक पाऊल, आणि ठिपका लुकलुकू लागला.
"काय झालं?"
"याला सत्तर सेंटिमीटरच्या आत दिसत नाही.
फार जवळ आले मी."
बाबांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या मोज्यांकडे,
एक भोक होतं.
"मग बस," म्हणाले,
आणि वाळवलेलं माकूल शेगडीवर टाकलं.

खोलीभर तो वास.
मी डाव्या बाजूला बसले.
मेजावर कॅमेरा चालूच राहिला होता;
थोड्या वेळाने बारीक कुरकुर करत
भिंग आपलं आपणच आत गेलं.