पत्त्याचा रकाना

म्हापशात कोर्टाच्या मागे माझं टायपिंगचं दुकान.
टायपिंग नावापुरतं. आता झेरॉक्स, आणि अर्ज लिहून देणं.
सगळ्यांत जास्त खपतो तो भाडेकरू पडताळणीचा फॉर्म:
नाव, बापाचं नाव, मूळ गाव, ओळखीची खूण,
घरमालकाची सही, दोन फोटो.
वीस रुपये. घाई असली तर तीस.

इनास माझ्या पायरीवर झोपायचा.
अंथरायला सिमेंटच्या पिशव्या, उशाला एक निळी बरणी,
आत काय ते कुणी कधी विचारलं नाही.
लोक त्याला घाटी म्हणायचे
आणि तो अस्सल बार्देशी कोंकणीत त्यांना शिव्या घालायचा.
शिवोलीचा होता. घर होतं. म्हणजे, आहे.
दोन बहिणी इंग्लंडात, भाऊ वारलेला,
इन्व्हेंटरीचा खटला एकवीस वर्षं चालू,
किल्ली कोर्टाच्या फाइलीत.
त्या फाइलीची झेरॉक्स मीच दोनदा काढलीय.

रात्री शटर ओढून निघालो की मागून आवाज यायचा,
‘बाब, सकयलें कुलूप रावलें.’
दर वेळी राहिलेलं असायचं.

ऑगस्टात तीन चोऱ्या झाल्या.
पिकअपची बॅटरी, शिंप्याचा मोबाइल,
खुरसापाशी ठेवलेल्या पेटीतली चिल्लर.
बँकेच्या वर व्यापाऱ्यांची बैठक बसली. सामोसे, लिंबूसोडा.
वेर्लेकर सराफ म्हणाले,
पूर्वी या शहरात दारं सताड टाकून झोपायचो आपण.
सगळ्यांनी माना हलवल्या. मीही.
माझ्या बापाची चार पितळी कुलपं
अजून माझ्या खणात आहेत, एकेक पावशेराचं.
मी बोललो नाही.
मग कुणीतरी विचारलं, तो पायरीवरचा कुणाचा?
आणि सगळे माझ्याकडे वळले,
जशी साखळी माझ्याच हातात होती.

दुसऱ्या दिवशी दहाला इनास रांगेत उभा.
तोंड धुतलेलं, केस ओले, चापून बसवलेले.
वीसची नोट काचेवर ठेवून म्हणाला, ‘म्हजो फॉर्म भर.’
नाव भरलं. बापाचं नाव साल्वादोर, सुतार.
खूण: डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग.
सध्याचा पत्ता.
त्यानं बोटानं खाली दाखवलं, पायरीकडे.
घरमालक?
तो माझ्याकडे बघत राहिला.
त्यात विनवणी नव्हती. हिशेब होता, सरळ.
मी म्हटलं, शाई संपली, उद्या ये.
पेन जेलचं, आरपार दिसणारं.
शाई निम्मी होती. त्यालाही दिसत होती.
नोट मी परत केली. त्यानं घेतली.

शनिवारी पायरीवर तीन कुंड्या आल्या.
कुणी ठेवल्या म्हणाल,
तर पावती माझ्या नावाची आहे.
चोर सापडला नाही. किंवा सापडला असेल,
त्यासाठी बैठक बसली नाही.

काल रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, खालचं कुलूप राहिलं.
बायको म्हणाली, लावलं असशील.
मार्चचा उकाडा. स्कूटर काढली. साडेअकरा.
मासळी बाजार धुतलेला, वास मात्र तसाच.
या शहराचा राखणदार रात्रभर दांडा घेऊन फिरतो
असं आम्ही सगळे मानतो,
जत्रेत त्याच्यासाठी तासन्‌तास रांगेत उभे राहतो.
त्याचा पत्ता कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही.

कुलूप होतं.
कुंड्या सरकवून जरा बसलो. का, ते विचारू नका.
दगड दिवसाचं ऊन अजून धरून होता.
सव्वीस वर्षं दुकान करतोय, हे मला ठाऊक नव्हतं.

आणि टॉर्च तोंडावर.
‘कोण रे तूं? खंयचो?’
मी एका दमात सांगत सुटलो: नाव, बापाचं नाव,
खोर्ली, वॉर्ड, घर नंबर, देवळाच्या डावीकडे.
ओळखीची खूणसुद्धा सांगितली असती.
‘अरे, मोरजकर! इतल्या रातीं?’
टॉर्च खाली गेली.
कुलूप बघायला आलो होतो, म्हटलं.
शिपायाने मान डोलावली. तेवढं पुरलं.

समोरच्या बोळात कुणीतरी खोकलं.
टॉर्च तिकडे वळली.