जड ते खाली

जळगावच्या सराफ बाजारात पहाटे पाचला
शटरं अजून डोळे मिटून असतात,
तेव्हा मुनीराबी उकिडवी बसून
नालीकाठची धूळ भरते घमेल्यात:
केस, विड्यांची थोटकं, मोसंबीच्या बिया,
कुणाच्या कानशीतून उडालेला कण.

मे महिना. रात्रीसुद्धा दगडाला हात लावू नये असा.
मी कॉलेजात भूशास्त्र शिकवून रिटायर झालेला,
झोप येत नाही म्हणून फिरणारा,
तिच्याजवळच्या पायरीवर टेकतो.
ती घमेलं हलवते. एक गिरकी, एक थांबा.
हलकं वर येतं, पाण्याबरोबर जातं.
"जड ते खाली," ती म्हणते,
"एवढंच येतं मला, सर."

पस्तीस वर्षं मी एवढंच शिकवलं,
फळ्यावर कांद्यासारखे गोल काढून.

मग सांगत बसतो, तिनं विचारलेलं नसताना.
तापी नव्हती, सातपुडा नव्हता,
सूर्याभोवती नुसता भुगा.
भुग्याचे गोटे झाले, गोट्यांचे डोंगर,
डोंगरांवर डोंगर आदळले,
आणि प्रत्येक धडक उष्णतेच्या खात्यात जमा झाली,
इतकी, की दगडाचंच पाणी झालं.
शेकडो कोस खोल
काठ नसलेला लाल समुद्र.

"भुसावळपेक्षा गरम?"

त्या समुद्रात लोखंड सुटलं थेंबाथेंबानं.
दगडाशी त्याचं कधी जमलंच नाही.
थेंब बुडाले, साचले, त्यांची तळी झाली,
तळी खचली, आणखी खाली गेली,
आणि जाताना तापली,
कारण एवढ्या खोल पडणं म्हणजे तापणंच.
असा झाला गाभा. दोन-तीन कोटी वर्षांत,
म्हणजे आमच्या हिशेबानं लगबगीनं.
वर उरलं ते प्रावरण.
भट्टीत लोखंडावर तरंगते ना, ती मळी.
तीच फार नंतर कुठं कुठं वितळून वर आली,
थिजून हा काळा दगड झाली,
दगड झिजून कपाशीची माती.
मळीच्या मळीत आपण केळी लावतो.

"आणि सोनं?"
आता कुठं तिनं मान वर केली.

सोनं गेलं लोखंडाबरोबर.
तुम्ही पारा घालता, तसं लोखंडानं
थेंबाथेंबात धरून नेलं.
खाली इतकं आहे म्हणतात, की वर आणून पसरलं
तर साऱ्या पृथ्वीवर गुडघाभर होईल.

तिचा हात थांबतो.
ती गुडघ्याकडे बघते, स्वतःच्याच,
सुजलेल्या.
"म्हणजे आमच्याआधीच कुणी धुऊन नेलं."

हो.

"मग हे?" नखावर धरलेला
मोहरीच्या पावपट पिवळा ठिपका.
"हे कसं राहिलं?"

उशिरा आलं, मी म्हणतो. दार लागल्यावर.
गाभा मिटला तरी आकाशातून थोडे दगड
पडत राहिले. त्यांच्यातलं सोनं
खाली पोचलं नाही.
असं बऱ्याच जणांना वाटतं. वाद आहे अजून.

"त्यात वाद कसला?"
ती ठिपका कागदाच्या पुडीत घालते, पुडी चोळीत.
"झाडलोट झाल्यावर पडतं, तेच आपलं."

कोपऱ्यावरचा चहावाला स्टोव्हला पंप मारतो.
माझ्या चपलेखाली एकोणतीसशे किलोमीटरवर
ते तळं अजून थिजलेलं नाही,
हळूहळू ढवळतंय स्वतःला,
आणि माझ्या कपाटातल्या जुन्या होकायंत्राची सुई
तेवढ्यासाठी उत्तरेकडे तोंड करून बसली आहे.
हे मी तिला सांगत नाही.
खूप झालं एका सकाळला.

"घमेल्याला हात लावा जरा," ती म्हणते.

लावतो.
वाटलं होतं त्याहून जड आहे.